विश्लेषण : चेस्टरफील्ड खुर्ची ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते लॉर्ड चेस्टरफील्ड कोण होते?

जुन्या इंग्रजी धाटणीची लेदरची खुर्ची म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येते. गडद तपकिरी चामडे, पाठीवर खोल ओढलेली बटणे, त्या बटणांच्या मध्ये उठलेले शंकरपाळ्यांसारखे चौकोन, बाहेरच्या बाजूला वळलेले गुबगुबीत हात आणि कडेने ठोकलेले पितळी खिळे. जुन्या क्लबांत, वकिलांच्या दालनांत आणि चित्रपटांतल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत ती हमखास दिसते. मुंबई-पुण्याच्या फर्निचर दुकानांतही ती आणि तिचा मोठा भाऊ असलेला सोफा एकाच नावाने विकला जातो : चेस्टरफील्ड.

हे नाव अठराव्या शतकातल्या एका इंग्रज उमरावाचे. फिलिप डॉर्मर स्टॅनहोप, चेस्टरफील्डचे चौथे अर्ल. जन्म २२ सप्टेंबर १६९४, मृत्यू २४ मार्च १७७३. राजकारणी, राजदूत, मंत्री आणि शिष्टाचार या विषयावर आयुष्यभर बोलत-लिहीत राहिलेला माणूस. त्यांच्या नावाची खुर्ची जगभर पोहोचली, पण त्या खुर्चीशी त्यांचा संबंध सिद्ध करणारा पुरावा मात्र सापडत नाही. त्यांनी खरोखर केलेल्या एका कामाचा परिणाम तुमच्या हातातल्या फोनवर रोज दिसतो आणि तिथे त्यांचे नाव नाही.

खुर्चीची गोष्ट काय, आणि ती कुठे अडते?

दुकानदार सांगतात ती गोष्ट अशी. लॉर्ड चेस्टरफील्ड यांना असे आसन हवे होते, की ज्यावर माणूस ताठ, ऐटीत बसेल आणि त्याच्या उंची कपड्यांना चुणी पडणार नाही. त्यांनी त्या काळचे नामांकित वास्तुरचनाकार रॉबर्ट अ‍ॅडम यांना ते बनवायला सांगितले आणि पहिली चेस्टरफील्ड तयार झाली.

गोष्ट छान आहे. पण तारखा मांडल्या की ती डळमळते. रॉबर्ट अ‍ॅडम इटलीहून परतून लंडनमध्ये १७५८ मध्ये स्थिरावले. तेव्हा चेस्टरफील्ड ६३ वर्षांचे होते, राजकारणातून निवृत्त झाले होते आणि त्यांना ऐकू येणेही फार कमी झाले होते. त्यांचा लंडनमधला प्रसिद्ध वाडा चेस्टरफील्ड हाउस त्याआधीच बांधून, सजवून झाला होता आणि तो बांधला आयझॅक वेअर या दुसऱ्याच वास्तुरचनाकाराने.

दुसरी अडचण खुद्द खुर्चीच्या पोटात आहे. आपण जिला चेस्टरफील्ड म्हणतो तिची बैठक स्प्रिंगांवर असते आणि गादी जाड. लोखंडी तारेच्या गुंडाळ्या आसनाखाली बसवण्याचे तंत्र इंग्लंडमध्ये रुळले ते १८२० च्या दशकानंतर. त्याआधीच्या इंग्रजी खुर्च्यांतही चामडे होते, घोड्याच्या केसांचे भरण होते, पितळी खिळे होते. पण गादी पातळ आणि बटणे वरवरची. स्प्रिंग आल्यावर भरण जाड करावे लागले. जाड भरण बसून बसून एका बाजूला सरकते, म्हणून ते जागच्या जागी धरून ठेवायला बटणे खोलवर ओढून मागे बांधण्याची पद्धत आली. चामडे कापडासारखे ताणत नाही. खोल ओढताना जास्तीचे चामडे घड्यांमध्ये बसवावे लागते आणि त्या घड्यांतून ते शंकरपाळे उमटतात. म्हणजे जे दिसायला निव्वळ नक्षीकाम वाटते, ते मुळात भरण सरकू नये म्हणून केलेली तजवीज आहे. हा सगळा एकोणिसाव्या शतकातला मामला, म्हणजे चेस्टरफील्ड गेल्यानंतर पन्नासेक वर्षांनी सुरू झालेला.

फर्निचरला हे नाव सर्रास लागले तेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी चेस्टरफील्ड हे नाव एका ओव्हरकोटला मिळाले होते आणि ते सहाव्या अर्लमुळे. पुढे कॅनडात तर कोणत्याही सोफ्याला लोक चेस्टरफील्ड म्हणू लागले. नाव एकदा ऐटीचे झाले की ते कशालाही चिकटते. मग ही ऐट ज्यांच्यापासून सुरू झाली ते गृहस्थ होते तरी कसे?

आजीच्या घरात वाढलेला मुलगा

वडील, म्हणजे तिसरे अर्ल, मुलाकडे फारसे लक्ष देणारे नव्हते. फिलिप वाढला तो आईच्या आईकडे, लेडी हॅलिफॅक्स यांच्या घरी. मोठमोठ्या मुत्सद्द्यांची तिथे ऊठबस असे. या आजीचे दिवंगत पती, हॅलिफॅक्सचे मार्क्विस, यांनी आपल्या मुलीला उपदेश करणारे एक पुस्तक लिहिले होते. ती मुलगी म्हणजे फिलिपची आई. अपत्याला लेखी उपदेश करण्याची सवय अशी आजोळहून आलेली दिसते.

केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलमध्ये दोनेक वर्षे काढून ते युरोपच्या प्रवासाला गेले. हेगमध्ये जुगाराची चटक लागली आणि पॅरिसमध्ये वागण्या-बोलण्याला सफाई आली. या दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत टिकल्या. १७१५ मध्ये ते कॉर्नवॉलमधल्या सेंट जर्मन्स मतदारसंघातून खासदार झाले, तेव्हा वयाची २१ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. पहिल्याच जोरदार भाषणानंतर विरोधी बाकावरच्या एकाने त्यांना बाजूला घेऊन, वय कमी असल्याची आपल्याला कल्पना आहे आणि दंडही मोठा आहे, असे सौम्यपणे सुचवले. चेस्टरफील्ड यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, सभागृह सोडले आणि थेट पॅरिस गाठले. त्यांचे चरित्रकार ही हकीकत आवडीने सांगतात.

१७२६ मध्ये वडील गेले आणि ते अर्ल झाले. १७२८ ते १७३२ ते हेगमध्ये इंग्लंडचे राजदूत होते. तिथेच मॅडेलिना एलिझाबेथ दु बुशे या फ्रेंच शिक्षिकेपासून १७३२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचेही नाव फिलिप. लग्नाबाहेरचा असल्याने त्याला पदवी मिळणार नव्हती. पुढच्याच वर्षी चेस्टरफील्ड यांनी लग्न केले ते मेलुसिना फॉन डर शुलेनबुर्ग हिच्याशी. ती राजे पहिले जॉर्ज यांची अनौरस मुलगी. या लग्नातून मूल झाले नाही.

मंत्रिपद, आयर्लंड आणि एक विनोद

लंडनला परतल्यावर त्यांनी पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांच्या अबकारी कराच्या विधेयकाला विरोध केला आणि १७३३ मध्ये दरबारातली मोठी जागा गमावली. पुढची अनेक वर्षे विरोधी बाकांवर गेली. १७३७ मध्ये नाटकांवर सरकारी परवान्याची सक्ती आणणारा कायदा आला. त्याविरुद्धचे त्यांचे भाषण हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या गाजलेल्या भाषणांत गणले जाते. कायदा मात्र झालाच.

१७४५ मध्ये ते व्हाइसरॉय म्हणून आयर्लंडला गेले. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये पदच्युत स्टुअर्ट घराण्यासाठी बंड उसळले आणि आयर्लंडमधले कॅथलिकही उठणार, अशी भीती लंडनला होती. चेस्टरफील्ड यांनी दडपशाही टाळली, प्रार्थनास्थळे बंद केली नाहीत आणि आयर्लंड शांत राहिले. तिथली एक हकीकत सांगतात. एका सकाळी घाबराघुबरा अधिकारी आला आणि कॉनॉट प्रांतातले लोक उठले आहेत, असे सांगू लागला. चेस्टरफील्ड यांनी घड्याळ पाहिले आणि नऊ वाजलेत, उठायची वेळ झालीच आहे, अशा अर्थाचे काहीतरी म्हणून ते पुन्हा कामाला लागले. डब्लिनच्या फिनिक्स पार्कचा सरळ, लांब रस्ता आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या सबंध कारकिर्दीतले सर्वांत चोख काम या आठ महिन्यांतले, असे म्हणायला हरकत नाही.

१७४६ मध्ये ते मंत्री झाले, १७४८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मग मेफेअरमध्ये वाडा उभा राहिला. त्यासाठी त्यांनी ड्यूक ऑफ चँडोस यांच्या मोडीत निघालेल्या वाड्याचा संगमरवरी जिना विकत घेतला. जुन्या वस्तूंचे मोल त्यांना कळत होते, एवढे तरी यातून म्हणता येते.

इंग्लंडचे ११ दिवस कुठे गेले?

आता फोनवरच्या तारखेकडे. युरोपचा बराच भाग १५८२ पासून हळूहळू ग्रेगोरियन दिनदर्शिकेवर गेला होता. पोर्तुगालने ती त्याच वर्षी स्वीकारली. इंग्लंड मात्र जुन्याच ज्युलियन पद्धतीला धरून होते आणि तिथे नवे वर्षही २५ मार्चला सुरू होत असे. त्यामुळे अठराव्या शतकात मुंबईच्या इंग्रजांची आणि गोव्याच्या पोर्तुगीजांची एकाच दिवसाची तारीख ११ दिवसांनी वेगळी पडे.

परदेशी पत्रव्यवहारात हा घोळ चेस्टरफील्ड यांनी राजदूत म्हणून भोगला होता. १७५१ मध्ये त्यांनी सुधारणेचे विधेयक हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मांडले. खगोलशास्त्र त्यांना येत नव्हते. गणित होते ते लॉर्ड मॅकल्सफील्ड आणि खगोलतज्ज्ञ जेम्स ब्रॅडली यांचे. चेस्टरफील्ड यांनी रसाळ भाषण केले, सभागृह खूश झाले आणि विषयाचे खरे जाणकार मॅकल्सफील्ड यांचे भाषण मात्र रुक्ष वाटले. हे सगळे चेस्टरफील्ड यांनीच नंतर मुलाला लिहून कळवले. काय बोलतो यापेक्षा कसे बोलतो हे सभागृहाला जास्त भावते, हा धडा त्यातून मुलाने घ्यावा ही अपेक्षा.

कायदा झाला. १७५२ मध्ये इंग्लंडमध्ये २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. आमचे ११ दिवस परत द्या म्हणून लोकांनी दंगली केल्या, असे पुस्तकांतून वर्षानुवर्षे छापले गेले. इतिहासकारांना त्याला ठोस आधार मिळालेला नाही. हा कायदा इंग्लंडच्या ताब्यातल्या आशियातल्या प्रदेशांनाही लागू होता. आपल्याकडे याची आठवण दरवर्षी निघते, फक्त ती चेस्टरफील्डपर्यंत जात नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख जुन्या, ज्युलियन पद्धतीची. सतराव्या शतकात फरक १० दिवसांचा होता, म्हणून नव्या पद्धतीने तो दिवस १६ जून येतो. तिथी अर्थातच तीच राहते, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी.

बाहेरच्या खोलीत ताटकळलेला कोशकार

सॅम्युअल जॉन्सन यांच्याशी त्यांचे जे झाले, ते त्यांच्या प्रतिमेला कायमचे चिकटले. १७४७ मध्ये जॉन्सन यांनी इंग्रजी शब्दकोशाचा आराखडा प्रसिद्ध केला आणि तो चेस्टरफील्ड यांना उद्देशून लिहिला. मंत्र्यांकडून १० पौंड मिळाले, पुढे काहीच नाही. जॉन्सन भेटीला गेले तेव्हा त्यांना बाहेर ताटकळावे लागले, दारातून परतही पाठवले गेले. सात वर्षांनी कोश छापायच्या बेताला आला, तेव्हा चेस्टरफील्ड यांनी 'द वर्ल्ड' या नियतकालिकात त्याची तारीफ करणारे दोन लेख लिहिले. फेब्रुवारी १७५५ मध्ये जॉन्सन यांनी त्यांना पत्र पाठवले. बुडणाऱ्याला मदत न करता तो काठाला लागल्यावर हात पुढे करणारा आश्रयदाता कसला, असा त्याचा आशय. कोशातही आश्रयदाता या शब्दाचा अर्थ देताना त्यांनी हात आखडला नाही.

चेस्टरफील्ड यांनी काय केले? पत्र टेबलावर उघडे ठेवले, आलेल्या-गेलेल्याला दाखवले आणि त्यातली वाक्ये किती नेमकी उतरली आहेत हे प्रकाशक रॉबर्ट डॉड्स्ली यांना वाचून दाखवले. जॉन्सन यांना दारातून परत पाठवणारा नोकर कळला असता तर त्याला काढून टाकले असते, असेही ते म्हणाले. याला मोठेपणा म्हणायचे की कातडी जाड होती म्हणायचे, यावर तेव्हापासून वाद आहे. मला दोन्ही खरे वाटते. अपमान गिळून हसतमुख राहणे हे त्यांच्या शिष्टाचाराचे शिखर होते. पण सात वर्षांत एकदा चौकशी करणे हाही शिष्टाचारच होता आणि तो त्यांना सुचला नाही. १८४५ मध्ये ई. एम. वॉर्ड या चित्रकाराने जॉन्सन चेस्टरफील्ड यांच्या बाहेरच्या खोलीत वाट पाहत बसल्याचे मोठे चित्र काढले. शाळकरी पुस्तकांतून तोच प्रसंग लोकांच्या डोक्यात बसला.

चारशे पत्रे आणि एक गुपित

मुलगा पाच वर्षांचा असताना, १७३७ च्या सुमारास, त्यांनी त्याला पत्रे लिहायला सुरुवात केली आणि ती तीस वर्षे चालू राहिली. चारशेहून अधिक पत्रे. सुरुवातीला इतिहास, भूगोल, लॅटिन. मग जसजसा मुलगा मोठा झाला तसे सारे काही : दात कसे घासावेत, नखे कशी ठेवावीत, जेवताना हात कुठे असावेत, दालनात शिरताना कसे चालावे, मोठ्याने का हसू नये, बायकांशी कसे बोलावे, मंत्र्यांना कसे खूश करावे. हेतू सरळ होता. पदवी देता येत नव्हती, म्हणून वागण्याच्या जोरावर मुलाला वर चढवायचे.

मुलगा हुशार निघाला, बऱ्याच भाषा शिकला. पण तो लाजाळू आणि वागण्यात अवघडलेला होता, म्हणजे नेमके तेच, जे वडिलांना नको होते. १७५४ मध्ये त्याला खासदारकी मिळाली. पहिल्या भाषणातच तो मध्ये अडखळला आणि पुढे फारसे बोललाच नाही. जर्मन राज्यांत दुय्यम राजनैतिक जागा मिळाल्या. १७६८ मध्ये अव्हिन्योंमध्ये ३६ व्या वर्षी तो वारला.

त्यानंतर वडिलांना कळले, की मुलाचे लग्न झालेले होते आणि दोन मुलगेही होते. पत्नीचे नाव युजेनिया. इतकी वर्षे, इतकी पत्रे, आणि ज्या माणसाला तो रोजचे बारीकसारीक कळवत असे त्याला ही एक गोष्ट सांगण्याची त्याची हिंमत झाली नव्हती. चेस्टरफील्ड तेव्हा ७४ वर्षांचे होते. त्यांनी आदळआपट केली नाही. सुनेशी सभ्यपणे पत्रव्यवहार ठेवला आणि दोन्ही नातवांच्या शाळेचा खर्च उचलला.

शेवटची खुर्ची कोणाची?

चेस्टरफील्ड यांच्या आयुष्यात एका खुर्चीची नोंद मात्र पक्की आहे. मार्च १७७३ मध्ये ते अंथरुणावर होते. कान गेले होते, अंगात त्राण नव्हते. त्यांचे जुने स्नेही, मुत्सद्दी सॉलोमन डेरोल्स भेटीला आले आणि नोकराने त्यांचे नाव सांगितले. चेस्टरफील्ड यांनी कसेबसे सांगितले, की डेरोल्स यांना बसायला खुर्ची द्या. त्यांच्या तोंडचे हे अखेरचे शब्द मानले जातात. अर्ध्या तासाने ते गेले. जवळ असलेल्या डॉक्टर वॉरन यांना या प्रसंगाचे इतके नवल वाटले, की या माणसाची रीतभात प्राणाबरोबरच गेली, असा शेरा त्यांनी मारला.

फर्निचरवाल्यांनी ही हकीकतही सोडली नाही. नोकराने हुकूम शब्दशः घेतला, खुर्ची कायमची डेरोल्स यांच्या घरी गेली आणि तिची नक्कल होत होत चेस्टरफील्ड प्रसिद्ध झाली, असे त्यांच्या गोष्टीचे शेपूट. त्यालाही पुरावा नाही.

मृत्युपत्रातल्या अटी, आणि पुढे

मृत्युपत्रात ते पुन्हा पूर्ण उलगडतात. नोकरांना दोन वर्षांचा पगार दिला. ते आपल्यासारखेच आहेत, फरक फक्त नशिबाचा, अशी भावना त्यात नोंदवली. नातवांसाठी पैसे ठेवले, सुनेला काही नाही. जहागीर आणि पदवी दूरच्या नात्यातल्या, त्यांचा धर्मपुत्र असलेल्या फिलिप स्टॅनहोप याच्याकडे गेली. मात्र त्याने शर्यतीचे घोडे पाळले, न्यूमार्केटच्या शर्यतींना मुक्काम केला किंवा एका दिवसात जुगारात ५०० पौंड घालवले, तर ५,००० पौंड दंड. तो वेस्टमिन्स्टरच्या धर्मपीठाला द्यायचा. वाड्याच्या जागेवरून या धर्मपीठाशी त्यांचे वाजले होते. दंड वसूल करण्यात ही मंडळी कसूर करणार नाहीत, एवढी खात्री त्यांना होती.

सुनेने आपला मार्ग शोधला. नवऱ्याने जपून ठेवलेली सगळी पत्रे तिने १,५०० गिनींना जेम्स डॉड्स्ली या प्रकाशकाला विकली. रॉबर्ट डॉड्स्ली यांचा हा धाकटा भाऊ. मृत्युपत्राचे व्यवस्थापक कोर्टात गेले, तरी १७७४ मध्ये पत्रे दोन खंडांत बाहेर आली आणि हातोहात खपली. छापण्यासाठी न लिहिलेल्या पत्रांनी चेस्टरफील्ड लेखक म्हणून अमर झाले. त्याच वेळी कावेबाज आणि ढोंगी म्हणून बदनामही झाले.

वारसाची गोष्ट आणखी वेगळी. चेस्टरफील्ड यांनी धर्मपुत्रासाठी विल्यम डॉड या धर्मोपदेशकाला शिक्षक म्हणून नेमले होते. कर्जात बुडालेल्या डॉड याने १७७७ मध्ये याच नव्या अर्लच्या नावाने ४,२०० पौंडांचा खोटा रोखा केला. त्या काळी या गुन्ह्याला फाशी होती. हजारो लोकांनी दयेच्या अर्जावर सह्या केल्या. डॉडसाठी भाषणे आणि अर्ज लिहून देणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव होते सॅम्युअल जॉन्सन यांचे. उपयोग झाला नाही. २७ जून १७७७ रोजी टायबर्न येथे डॉडला फाशी देण्यात आले.

मेफेअरमधला वाडा पुढे अनेकांच्या हातांतून गेला आणि १९३७ मध्ये पाडण्यात आला. साउथ ऑडली स्ट्रीटवर आज त्या जागी फ्लॅटची इमारत आहे. तिचे नाव चेस्टरफील्ड हाउस.